किंकलाद्झे मागे का पडला?

प्रश्न:
सोलापुरात ऊन उतरल्यावर मी शाळकरी मुलांना फुटबॉल शिकवतो. २०२४ च्या युरो स्पर्धेत जॉर्जियाने पोर्तुगालला २-० असे हरवल्यापासून मुले त्या देशाच्या खेळाडूंविषयी विचारतात, म्हणून मी त्यांना गिओर्गी किंकलाद्झेचा इंग्लंडच्या मँचेस्टर सिटी क्लबकडून खेळताना मार्च १९९६ मध्ये साउदॅम्प्टनविरुद्ध केलेला गोल दाखवला. बचावपटूंना एकामागून एक चकवून त्याने चेंडू गोलरक्षकावरून अलगद उचलला, ते पाहून मुले थक्क झाली. मात्र असा गुणी मिडफिल्डर पुढे मागे का पडला, हे मला त्यांना सांगता आले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १:
माझ्या मते कारण त्याच्या जागेत आहे. आघाडीच्या खेळाडूंमागे मोकळेपणाने वावरणे हाच त्याचा खेळ होता आणि जॉर्जियातील दिनामो त्बिलिसी क्लबकडून १९९५ मध्ये सुमारे २० लाख पौंडांना आलेल्या या खेळाडूला मँचेस्टर सिटीने ती मोकळीक दिली; परंतु १९९८ मध्ये तो नेदरलँड्सच्या आयाक्स क्लबला गेला तेव्हा नेमक्या त्याच जागी फिनलंडचा यारी लिटमानेन खेळत होता, त्यामुळे किंकलाद्झेला डाव्या बाजूला ढकलले गेले आणि तेथे त्याचा प्रभाव पडला नाही. सिटीचेही नुकसानच झाले, कारण सारा संघ एकाच्या पायांवर अवलंबून राहिला आणि तीन वर्षांत दोनदा खालच्या श्रेणीत घसरला.

उत्तर २:
शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. १९९५-९६ मध्ये सिटीने ३८ सामन्यांत केवळ ३३ गोल केले. ही उणीव आघाडीची होती. गुण साउदॅम्प्टनइतकेच, ३८ होते आणि सिटी केवळ गोलफरकाने (केलेले आणि स्वीकारलेले गोल यांतील फरकाने) खाली गेली. लिव्हरपूलविरुद्धच्या अखेरच्या सामन्यात २-२ अशी बरोबरी पुरेशी आहे, या गैरसमजातून खेळाडू कोपऱ्यात चेंडू अडवून वेळ काढत होते! त्याचा दोष किंकलाद्झेला कसा देणार?

उत्तर ३:
‘मागे पडला’ हे विधानही पूर्णपणे खरे नाही. आयाक्सनंतर तो इंग्लंडच्या डर्बी काउंटीकडून खेळला, २००५ मध्ये सायप्रसच्या अनोर्थोसिसबरोबर त्याने लीग जिंकली आणि जॉर्जियासाठी ५४ सामने खेळला.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. माझ्याकडील एक मुलगा असाच चेंडू सोडत नाही आणि मी त्याला बाजूला खेळवत होतो. उद्यापासून त्याला मध्यभागी खेळवून पाहतो.