नेरेवारिन ठरतो की घडतो? मॉरोविंडमधील भाकीत आणि कागरेनाकची हत्यारे : आपले अनुभव

बेथेस्डाचा मॉरोविंड हा व्हिडिओ गेम २००२ साली आला, तेव्हापासून तो खेळणाऱ्यांमध्ये एक वाद चालत आला आहे. सेडा नीनच्या धक्क्यावर जहाजातून उतरवलेला आपला कैदी खरोखरच नेरेवार या प्राचीन वीराचा पुनर्जन्म असतो, की भाकिताच्या अटी एकेक करून पुऱ्या करत गेल्यामुळे तो नेरेवारिन ठरतो? ज्यांनी मुख्य कथानक शेवटपर्यंत खेळले आहे त्यांनी आपला अनुभव लिहावा, आणि कीनिंग, सन्डर व रेथगार्ड या कागरेनाकच्या हत्यारांनी आपले मत कोणत्या बाजूला झुकवले, हेही सांगावे. पुढील मजकुरात कथानकाचा शेवट उघड होतो.

*

माझे मत बालमोरात, बादशहाचा हेर केयस कोसाडेस याच्या घरीच पक्के झाले. आपण त्याच्याकडे नेऊन दिलेल्या पाकिटातला सांकेतिक मजकूर तो पुढे उलगडून आपल्या हाती ठेवतो. या कैद्याने प्राचीन भाकिताच्या अटी शक्य तितक्या पुऱ्या कराव्यात आणि नेरेवारिन व्हावे, अशी बादशहाची इच्छा असल्याचे त्यात सरळ लिहिलेले असते. ज्याची निवड राजकारणासाठी झाली आहे, त्याला दैवाने निवडले असे मी कसे मानू? शिवाय पात्र तयार करताना जन्मराशी, वंश, लिंग सारे काही आपणच ठरवतो. कोणतीही निवड केली तरी भाकीत आपल्याला सामावून घेते.

*

वरील मताचा आदर राखून मी नम्रपणे असहमत आहे. बादशहाला आपल्या पात्राचा जन्म पाहून माणूस निवडता आला असेल, पण कॉर्प्रस हा असाध्य रोग त्याला घडवून आणता आला नसता. उर्शिलाकू जमातीची ज्ञानी स्त्री निबानी मेसा जी भाकिते ऐकवते, त्यांत नेरेवारिनला रोग आणि वार्धक्य इजा करू शकणार नाहीत असे म्हटले आहे. मी ती ओळ वाचून पुढे गेले आणि विसरूनही गेले. नंतर डागोथ गारेस या शत्रूला मारल्यावर माझ्याच पात्राला तो रोग जडला, आणि टेल फिरमध्ये डिव्हाथ फिर या मांत्रिकाने दिलेल्या औषधाने त्याच्या यातना गेल्या, पण रोगापासूनचे संरक्षण मात्र कायम राहिले. तेव्हा ती ओळ पुन्हा आठवली. पुढे अवताराच्या गुहेत, जिचे दार फक्त पहाटे आणि संध्याकाळीच उघडते, मला माझ्याआधी अयशस्वी झालेल्या दावेदारांची भुते भेटली. पीकस्टार त्यांतलीच एक. त्यांचाही विश्वास प्रामाणिक होता. केवळ अटी पुऱ्या करणे पुरेसे असते, तर त्यांच्यापैकी कोणी तरी तिथवर पोहोचले नसते का?

*

मला हा वाद भाकितापेक्षा हत्यारांवरून अधिक नीट समजतो. कीनिंग हे छोटे पाते आणि सन्डर हा हातोडा ड्वेमर या लुप्त वंशातल्या कागरेनाकने लॉरखान या मृत देवाच्या हृदयातली शक्ती ओढून घेण्यासाठी घडवले, आणि ती धरणाऱ्याचे रक्षण करण्यासाठी रेथगार्ड हा हातमोजा. ओड्रोसालमध्ये कीनिंग मिळाल्यावर सेव्ह करून मी ते रेथगार्डविना हातात घेतले, आणि कोणीही वार न करता हेल्थची लाल पट्टी झरझर उतरताना पाहिली. पण भरपूर हेल्थ किंवा दमदार उपचार जवळ असला, तर तोही फटका सोसता येतो, आणि म्हणूनच कित्येक वेगवान खेळाडू भाकिताच्या वाटेला न जाताच, ते हृदय जिथे आहे त्या लाल पर्वतात शिरून हृदयावर घाव घालतात. देव मानल्या जाणाऱ्या विव्हेकला ठार मारून त्याच्याकडचा रेथगार्ड याग्रम बागार्न या अखेरच्या हयात ड्वेमरकडून वापरण्याजोगा करून घेण्याची आडवाटही विकसकांनी मुद्दाम ठेवली आहे. महत्त्वाचे पात्र मेले की भाकिताचा धागा तुटल्याचा संदेश येतो, आणि तरीही खेळ थांबत नाही. मला यात लेखकांचे स्पष्ट विधान दिसते: हृदयापुढे हत्यार चालवणारा हात कोणाचा आहे, याने काही बिघडत नाही. पुनर्जन्माची गरज लोकांना आहे, कारण तीन घराणी आणि चार जमाती एका परक्यामागे उभ्या राहायच्या तर त्यांना तसे कारण लागते.

*

याच मुद्द्याला जोडून नेरेवारच्या चंद्र-ताऱ्याच्या अंगठीविषयी लिहिते. जी दुसऱ्या कोणी घातल्यास प्राण घेते असे सांगतात, ती घातल्यावर शौर्य किंवा बळ वाढत नाही. वाढते ते व्यक्तिमत्त्व आणि वक्तृत्व. नेरेवारने भांडणाऱ्या लोकांना एकत्र आणले होते, हे त्या दोन ओळींत किती नेमके सांगितले आहे. मला ती कीनिंगपेक्षा मोठी वस्तू वाटते.

*

ट्रायब्युनल या विस्तारातील ट्रूफ्लेमचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही, म्हणून लिहितो. नेरेवारच्या या तलवारीचे तुकडे जमवून मोर्नहोल्डच्या लोहाराकडून जोडून घेतले, तरी ती पेटत नाही. तिच्या ज्वाळेसाठी शहराखालच्या ड्वेमर अवशेषांत राडाक नावाच्या भुताला शोधावे लागते. तलवार पेटली तेव्हा मी नेरेवारच आहे याची मला खात्री वाटली होती. पण हे सारे देवी मानल्या जाणाऱ्या आल्मालेक्सियाच्या सांगण्यावरून चालले होते, आणि शेवटी तिनेच माझ्यावर शस्त्र उगारले. तेव्हापासून कोणतेही भाकीत ऐकले की ते खरे ठरल्याने कोणाचा लाभ होतो, हे मी आधी पाहतो. आणि निबानी मेसाच्या बाबतीत मला तसा लाभ अजूनही सापडलेला नाही.