सोल गाते, घरीच प्रोड्यूस करते. २५ हजार कशावर घालू?

कोरसबाहेर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा.

मी सोल गाते, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधल्या गाण्यातून आलेली शैली, पण मराठीत. शब्द-चाल माझी, लॅपटॉपवर रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रोड्यूसही मीच करते. दिवसा बीकेसीत नोकरी. भांडुपला वन बीएचके, आई आणि मी. खिडकीखालून फास्ट लोकल जाते. आजवर मित्राच्या माइकवर चाललं होतं. तो बंगळुरूला गेला, माइकसकट.

दोन गाणी तयार आहेत, तिसऱ्याचा कोरस अडलाय. बोनसमधले २५ हजार बाजूला काढलेत. माइक आणि इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) घेऊ, की ट्रॅक स्टुडिओत नेऊन तिथे गाऊन मिक्स करून घेऊ, की व्हिडिओ-प्रमोशनवर घालू? आणि स्पॉटिफायवर गाणं चढवायला डिस्ट्रिब्युटर कोणता?

बजेट २५च आहे. ईएमआय सुचवू नये.

खटपट्या
शुअरचा एसएम७बी माइक घ्या, विषय संपला. मायकेल जॅक्सन याच घराण्यातल्या एसएम७वर गायलाय. चाळीस हजारांच्या घरात जाईल, पण जन्मात दुसरा माइक घ्यावा लागणार नाही. माझ्याकडे आहे.

गंजलेली तार
खटपट्याभाऊ, बजेट वाचलंत का? आणि एसएम७बीला ६० डीबी गेन लागतो, म्हणजे आवाज खूप वाढवावा लागतो. स्वस्तातल्या इंटरफेसवर नॉब शेवटपर्यंत फिरवला की गाण्याच्या आधी खरखर ऐकू येते. मग आवाज वाढवायला क्लाउडलिफ्टर हे आणखी एक डबडं घ्या, त्याचे वेगळे पैसे.

खटपट्या
चांगली वस्तू महागच असते. कार्डवर ईएमआय बसतो.

साउंडवाला काका
ताई, एसएम५८ घे. १९६६ सालचं डिझाइन, अजून कोणी हलवू शकलेलं नाही. ऑर्केस्ट्रा, गणपती, हळदी, सगळीकडे हाच लावत आलोय. स्टेजवरून पडलाय, पावसात भिजलाय, एका नवरदेवाने त्याने नारळ फोडायचा प्रयत्न केलाय. चालू आहे. दहा-अकरा हजारांत येतो. धोबीतलावला फुर्टाडोजमध्ये जा, हातात धरून बघ. अर्ध्या किमतीत कोणी देत असेल तर घेऊ नकोस, डुप्लिकेट माल फार आहे. अस्सलचं वजन ३०० ग्रॅमच्या आसपास असतं, नकली हाताला हलका लागतो.

अर्धा सूर
काका स्टेजचं सांगतायत, ताईंना रेकॉर्डिंग करायचंय. सोलमध्ये श्वास ऐकू यायला हवा, कुजबूज यायला हवी. बारीक आवाजही पकडणारा कंडेन्सर माइकच हवा. माझा ऑडिओ टेक्निकाचा एटी२०२० आहे, आवाजाची प्रत्येक रेघ पकडतो. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टीपण पकडतो. माझ्या एका गाण्यात दुसऱ्या कडव्यात आहे ती. लोकांना वाटतं मुद्दाम टाकलीय. मी नाही म्हणत नाही.

निशाचर
भिंतीला अंड्याचे ट्रे लावा. फुकटात काम. आमच्या खोलीत चारही भिंतींना आहेत.

गंजलेली तार
अरे देवा. ट्रेने बाहेरचा आवाज अडत नाही. खोलीतला वरचा थोडासा झंकार कमी होईल, खालची घुमघुम तशीच राहते आणि लोकल तर जशीच्या तशी आत येते. वर आग लागली की पुठ्ठा भडकणार ते वेगळंच.

@कोरसबाहेर, कुठलाही माइक घ्या, आधी जागा बघा. हे माइक कार्डिऑइड असतात, म्हणजे पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतात. माइकची पाठ खिडकीकडे करा. तोंड तुमच्याकडे, आणि तुमच्या *मागे* गोधड्या टांगा, कारण माइकच्या समोर तुम्ही आणि तुमच्या मागची भिंतच असते. सगळे माइकच्या मागे फोम चिकटवतात आणि स्वतःच्या मागे कोरी भिंत ठेवतात. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याला पाठ करून उभ्या राहिलात तरी चालेल.

निशाचर
आमच्याकडे तर फरक पडला.

चहाबाज
झुरळं किती झाली?

निशाचर
वैयक्तिक प्रश्न नकोत.

वडाळा रोड
व्हिडिओ-प्रमोशनचा विचार डोक्यातून काढा. मला एका एजन्सीने "प्लेलिस्ट प्रमोशन" विकलं. आठवडाभर आकडे वर गेले, ऐकणारे सगळे एकाच परक्या शहरातले, मुंबईत एकही नाही. पुढे डिस्ट्रिब्युटरचा मेल आला की स्ट्रीम बनावट आहेत, गाणं उतरवलं. एजन्सीने फोन उचलणं बंद केलं. २०२४ पासून स्पॉटिफाय अशा गाण्यांसाठी डिस्ट्रिब्युटरकडून दंड घेतं, म्हणून तेही ऐकून घेत नाहीत. आणि मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याचा एक पैसा मिळत नाही, हेही तेव्हापासूनच.

फुकटातलं काम सांगतो. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स या कलाकारांच्या खात्यातून गाणं रिलीजच्या किमान ७ दिवस आधी पिच करा (प्लेलिस्ट लावणाऱ्यांकडे पाठवा). म्हणजे निदान तुमच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या यादीत तरी येतं. आज अपलोड, उद्या रिलीज असं करू नका.

जुना कोकणी
मराठीत सोल कशाला? आपल्याकडे लावणी आहे, भारूड आहे. त्यात कमी आत्मा आहे का?

चहाबाज
आले. पॉपकॉर्न कुठे ठेवलेत?

अर्धा सूर
मी तर म्हणतो नोकरी सोडा. कलेला पूर्ण वेळ द्यावा लागतो.

आडनावात काय
अर्धा सूर, तुम्ही सोडलीत का? सोल गायक बिल विदर्स १९७१ चा पहिला अल्बम करत होता तेव्हा तो विमानांची टॉयलेटं बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. सोल गायिका शॅरन जोन्स तुरुंगात गार्ड होती, पहिला अल्बम २००२ साली, वयाच्या चाळिशीनंतर. आणि तो ज्या लेबलचा त्यांचा स्टुडिओ ब्रुकलिनमधल्या एका घरात. बीकेसीतली नोकरी राहू द्या, माइकचा हप्ता तिथूनच जाणार.

अर्धा सूर
माझ्या घरच्या जबाबदाऱ्या वेगळ्या आहेत.

कलम१८
डिस्ट्रिब्युटरबद्दल कोणीच बोललं नाही. डिस्ट्रोकिडला वर्षाची फी, हवी तितकी गाणी. पण फी थांबली की गाणी उतरतात, नाहीतर प्रत्येक गाण्यामागे जादा पैसे भरून ती कायमची ठेवावी लागतात. सीडी बेबीला रिलीजमागे एकदाच फी, पुढे कमाईतले ९ टक्के त्यांचे. वर्षाला दोन-तीनच गाणी येणार असतील तर दुसरा हिशोब बरा. आयएसआरसी कोड (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) दोघांकडूनही मिळतो, त्याचे वेगळे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. अमेरिकी टॅक्सचा फॉर्म भरावा लागेल, घाबरू नका.

महत्त्वाचं: आयपीआरएस या शब्द-चालीची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीमध्ये गीतकार आणि संगीतकार अशा दोन्ही नात्यांनी सभासद व्हा आणि प्रत्येक गाणं नोंदवा. डिस्ट्रिब्युटर देतो ते रेकॉर्डिंगचे पैसे. शब्द आणि चालीचे वेगळे असतात, ते आपणहून घरी येत नाहीत. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर हा रॉयल्टीचा वाटा कोणाला देऊन टाकता येत नाही, फक्त वारसांना किंवा अशा कॉपीराइट सोसायटीला. त्यामुळे "सर्व हक्क आमचे, ही घ्या रक्कम" असं पत्र घेऊन कोणी आलं तर सही करायच्या आधी वकिलाला दाखवा.

साउंडवाला काका
वकिलाची फी एसएम५८ पेक्षा जास्त होईल.

गंजलेली तार
काकांशी आयुष्यात पहिल्यांदा सहमत. बाकी कलम१८ यांचा प्रतिसाद वरती पिन करा कोणीतरी.

चहाबाज
वाखु (वाचनखूण) साठवली. मी गात नाही, पण साठवली.

कोरसबाहेर
सगळ्यांचे आभार. गोधड्यांचं करून बघितलं, मोबाइलवर रेकॉर्ड करूनही फरक कळतो. आयपीआरएसचा फॉर्म भरायला घेतलाय.

पैशांचं मात्र ठरलं. माइक घेत नाहीये. व्हिडिओपण नाही. आईच्या भजनी मंडळातल्या आठ जणींना रविवारी स्टुडिओत नेतेय, त्या तिसऱ्या गाण्याच्या कोरससाठी. सोल गायिका अरेथा फ्रँकलिन वडिलांच्या चर्चमध्ये गाऊन तयार झाली. माझं चर्च म्हणजे आमच्या सोसायटीचा हॉल आणि दर गुरुवारचं भजन. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, हे या बायकांना शिकवावं लागत नाही. चार सिंथ पॅड (सिंथेसायझरचे लांब सूर) एकावर एक चढवून मला ते कधीच जमलं नाही. स्टुडिओचे चार तास, मिक्स, मानधन, टेम्पो ट्रॅव्हलर आणि नाश्ता धरून २४ हजारांच्या आत बसतंय. माझं गाणंही तिथल्याच माइकवर उरकून घेईन.

खटपट्या
म्हणजे हातात वस्तू काहीच नाही उरणार. कमाल आहे.

अर्धा सूर
आठ जणी एका सुरात नाही आल्या तर? मिक्समध्ये निस्तरता येणार नाही.

जुना कोकणी
मी म्हणतच होतो.

साउंडवाला काका
माझ्या मते चूक करतेयस, ५८ तरी घ्यायचास. पण करतेच आहेस तर ऐक. बसवू नकोस, उभं कर, अर्धगोलात. बारीक आवाजाच्या पुढे, पट्टीच्या दमदार गाणाऱ्या मागे. बांगड्या काढायला सांग. आणि टाळ नको. टाळ सगळ्या माइकमध्ये शिरतो, मग नुसता टाळच ऐकू येतो.

कलम१८
आठही जणींकडून एका कागदावर लेखी संमती घ्या. मानधनाचा आकडा आणि श्रेयात नावं कशी येणार ते त्यातच लिहा. ओळखीचे आहेत म्हणून सोडू नका, ओळखीतच जास्त बिनसतं.

कोरसबाहेर
कागद तयार करते. बांगड्यांचं मान्य झालंय. टाळाचं विचारलं तर मंडळाच्या अध्यक्षा म्हणाल्या, टाळ नसेल तर आम्ही येत नाही. त्यामुळे टाळ आहेत. काका, टाळाला वेगळा माइक लावून लांब उभं करता येईल का?

साउंडवाला काका
येईल. तिथे ५८ लाव.