वाईला शिफ्ट होतोय: जुन्या आळीत भाड्याने राहावं की बाहेर प्लॉट घ्यावा?

कोथरूडवाली
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं, सासूबाई आणि सहावीतली मुलगी. ऑफिसला आठवड्यातून एखादाच दिवस जावं लागतं, बाकी काम घरून. पुण्यातलं भाडं आणि ट्रॅफिक दोन्ही आता नको झालंय आणि वाई आम्हाला फार आवडतं, पण सुट्टीत जाऊन येणं वेगळं आणि तिथे संसार करणं वेगळं. गणपती आळीजवळ जुन्या वाड्यातलं खालचं घर भाड्याने मिळतंय, दुसरीकडे एजंट यशवंतनगरच्या पुढचा २ गुंठ्यांचा प्लॉट घ्या म्हणून मागे लागलाय, म्हणतो थांबलात तर भाव हातात राहणार नाही. तिथे राहणाऱ्यांनी प्लीज सांगा.

मधली_आळी
ताई, प्लॉटची घाई अजिबात नको. आधी भाड्याने राहा आणि एक पूर्ण पावसाळा काढा, तोही नदीकडे लक्ष ठेवून. ढोल्या गणपतीचं देऊळ सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलं, त्याची मागची भिंत बघा, माशाच्या आकाराची निमुळती आहे, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी कृष्णेचा एवढा विचार केला होता आणि आता ओढे बुजवून प्लॉटिंग चाललंय, खरंच वाईट वाटतं. धोम धरणातून विसर्ग वाढला की घाट पाण्याखाली जातो, म्हणून घर असो की प्लॉट, निळ्या आणि लाल पूररेषेच्या कुठे येतो ते नगरपालिकेत किंवा पाटबंधारे खात्यात विचारा. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतला. खालचं घर म्हणताय ना, मग शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, ते बरोबर सांगतात.

सुरूर_फाटा
मी पुण्याला जाऊन येऊन करतो. वाईला रेल्वे नाही, जवळचं स्टेशन वाठार, त्यामुळे सगळा भरवसा हायवेवर. पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो, पण परत येताना जुन्या रस्त्याने घाट चढत असाल आणि एखादा ट्रक बंद पडला की संध्याकाळ गेली. शुक्रवारी रात्री आणि रविवारी दुपारनंतर प्रवास टाळाच, पाचगणी-महाबळेश्वरची सगळी गर्दी वाईतूनच पसरणीच्या घाटाकडे जाते आणि गावातले रस्ते त्या मापाचे नाहीत. ऑफिसचा दिवस मंगळवार-बुधवार घ्या. नेट चालतं पण पावसात लाईट जाते, इन्व्हर्टर पहिल्या महिन्यातच बसवा.

सातबारा_वाचा
२ गुंठ्यांबद्दल बोलतो, कारण यात लोकांची आयुष्यभराची पुंजी अडकलेली बघितलीये. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे, शेतजमिनीचा एवढा छोटा तुकडा सरळ खरेदीखताने नावावर होत नाही, मग दहा-बारा जणांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामायिक चढवतात आणि पुढे वाटणीला, कर्जाला, बांधकाम परवानगीला सगळ्यांच्या सह्या. अलीकडे काही सवलती आल्यात, पण तुमच्या जमिनीचा गट नंबर त्यात बसतो का हे एजंटला नाही, दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा. एनएचा म्हणजे बिगरशेतीचा आदेश आणि मंजूर लेआउट स्वतः बघा, रस्ता कागदावर आहे का नुसता मुरूम टाकलाय तेही बघा. पाणी ग्रामपंचायतीचं की बोअरचं ते उन्हाळ्यात जाऊन कळेल. यातलं काही दाखवायला टाळाटाळ झाली तर इसारसुद्धा देऊ नका.

गंगापुरी
सासूबाईंची काळजी करू नका, त्या तुमच्याआधी रमतील. माघापासून कृष्णाबाईचे म्हणजे कृष्णा नदीचे उत्सव सुरू होतात, एकेका घाटाचा वेगळा, कीर्तन, प्रसाद, सगळी आळी कामाला. वाचनाची आवड असेल तर हे गाव त्यांचंच आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम इथे बसून उभं केलं. मुलीसाठी द्रविड हायस्कूल बघून या. दवाखाने रोजच्या दुखण्याला पुरतात, पण हार्टचं वगैरे मोठं काही असेल तर सातारा नाहीतर पुणे, हे घरात आधीच बोलून ठेवा. आणि आळीत राहायचं तर चार दारं ओळखीची करा, उत्सवाला वर्गणीबरोबर वाढायलाही उभ्या राहा.

कोथरूडवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. प्लॉटला नाही कळवलं. वाड्याच्या मालकांना वरचा मजला मिळेल का विचारलंय, पण जिना अरुंद आहे आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. धर्मपुरीत किंवा तुमच्या मधल्या आळीत नदीपासून जरा उंचावर, तळमजल्यावर कोणाचं घर रिकामं असेल तर सांगाल का? शाळा सुरू व्हायच्या आत यायचंय.

मधली_आळी
आमच्या मागच्या वाड्यात दोन खोल्या आणि पडवी रिकामी आहे, जोतं चांगलं उंच आहे. काकूंना विचारून उद्या मेसेज करतो.