मदत हवी आहे: फंक्शन बदललं तरी जुनाच डेटा येतोय (हगिंग फेस डेटासेट्स + ज्युपिटर)

नमस्कार मंडळी,

चार दिवस एकाच जागी अडकलोय, जाणकारांनी कृपया बघावं.

एम.टेक.चा प्रकल्प आहे. शेतकऱ्यांनी विचारलेल्या मराठी प्रश्नांचं वर्गीकरण करायचंय: कीड, हवामान, बाजारभाव, अनुदान वगैरे. साधारण ६० हजार प्रश्न आहेत. काम लॅबच्या सर्व्हरवर, ज्युपिटरहबमधून (ब्राउझरमध्ये कोडची नोटबुक उघडून देणारी सोय) चालतं.

मजकूर साफ करायचं फंक्शन मी वेगळ्या फाईलमध्ये ठेवलंय आणि नोटबुकमध्ये इम्पोर्ट करतो. त्यात मी सगळी अदृश्य अक्षरं सरसकट उडवत होतो. जुन्या पद्धतीने टाईप केलेल्या मजकुरात 'ऱ्य' हे र, हलंत, झिरो विड्थ जॉइनर (जोडणीचं रूप ठरवणारं अदृश्य अक्षर) आणि य असं लिहिलेलं असतं. तो जॉइनर गेला की 'शेतकऱ्यांना'चं 'शेतकर्यांना' होतं. आमच्या डेटात हा शब्द जवळपास दर दुसऱ्या प्रश्नात आहे, त्यामुळे एकाच शब्दाची दोन रूपं झाली. आचाऱ्यांना आणि आचार्यांना यांतला फरकही त्यात पुसला जातो, ते वेगळंच.

चूक कळल्यावर फंक्शन दुरुस्त केलं: आधी जुन्या जोडणीच्या जागी 'ऱ' आणि हलंत घालायचा, मग उरलेली अदृश्य अक्षरं काढायची. फाईल सेव्ह केली, कर्नल (नोटबुकमागे कोड चालवणारा प्रोग्राम) रीस्टार्ट केला, मॅप (डेटासेट्स लायब्ररीतली, प्रत्येक प्रश्नाला फंक्शन लावणारी पायरी) पुन्हा चालवला. एका सेकंदात संपला आणि आउटपुटमध्ये तेच 'शेतकर्यांना'!

तेच फंक्शन नोटबुकच्या सेलमध्ये पेस्ट केलं तर बरोबर चालतं. फाईलमधून घेतलं की जुनं. इम्पोर्ट केल्यावर त्याचा सोर्स छापून पाहिला, नवाच दिसतो.

दुसरी अडचण: होम फोल्डरला ५० जीबीची मर्यादा आहे, म्हणून एचएफ होम हे व्हेरिएबल (हगिंग फेसच्या फोल्डरचा पत्ता) बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाईल) लिहून कॅश, म्हणजे साठवून ठेवलेल्या फाईली, मोठ्या डिस्कवर वळवली. टर्मिनलमध्ये ते बरोबर दिसतं, नोटबुकमधून मात्र डाउनलोड होममध्येच जातात. त्या कॅशच्या स्नॅपशॉट्स फोल्डरमधल्या फाईली हाताने उडवल्या, तरी जागा मोकळी झाली नाही.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

कर्नलचा दोष नाही. मॅप प्रत्येक वेळी फंक्शनचा हॅश (ओळख पटवणारा छोटा कोड) काढतो आणि तोच हॅश आधी सापडला की कॅशमधली फाईल उचलतो. सेलमध्ये लिहिलेल्या फंक्शनचा कोड हॅशमध्ये जातो. इम्पोर्ट केलेल्याचं मात्र फक्त मोड्यूल आणि नाव जातं. आतला कोड बदलला तरी नाव तेच, म्हणून हॅशही तोच. मॅपला लोड फ्रॉम कॅश फाईल = फॉल्स द्या, म्हणजे तो कॅश न उचलता नव्याने चालेल.

स्नॅपशॉट्समध्ये नुसत्या लिंका असतात, खऱ्या फाईली शेजारच्या ब्लॉब्स फोल्डरमध्ये. जागा तिथे अडकली आहे.

धागाकर्ता

खूप आभार! साफ केलेला मजकूर आता बरोबर येतोय. पण पुढच्या मॅपमध्ये टोकनायझर (मजकुराचे मॉडेलसाठी तुकडे, म्हणजे टोकन, करणारा) चालवल्यावर टोकन परत मजकुरात उलटवून पाहिले, तर तिथे अजून 'शेतकर्यांना'च आहे. त्या मॅपला काहीच दिलं नव्हतं. वाटलं, आधीचा डेटा बदलला की पुढचं आपोआप नव्याने होईल.

प्रतिसाद २

तसं होत नाही, आणि बरेच जण इथेच फसतात. फॉल्स दिल्याने पहिली पायरी नव्याने चालते, पण तिचा फिंगरप्रिंट (आधीचा डेटा आणि फंक्शनचा हॅश यांवरून बनलेली त्या पायरीची ओळखखूण) जुनाच राहतो. टोकनायझरची पायरी आधीच्या पायरीचा फिंगरप्रिंट बघते, आतला मजकूर नाही. तिला काही बदललंय असं वाटतच नाही.

त्यापेक्षा साफसफाईच्या फंक्शनला 'आवृत्ती' नावाचा एक जादा आर्ग्युमेंट द्या आणि मॅपमध्ये एफएन केडब्ल्यूआर्ग्जमधून (फंक्शनला जादा आर्ग्युमेंट पोचवायची सोय) त्याची किंमत पाठवा. फंक्शनला हात लावला की आकडा वाढवायचा. ही किंमत हॅशमध्ये धरली जाते, त्यामुळे पुढची सगळी साखळी नव्याने चालते. मी तर कॅश झालेल्या प्रत्येक पायरीला असा आकडा लावतो.

बॅशआरसीचं म्हणाल, तर ज्युपिटरहब नोटबुक सुरू करतो तेव्हा बहुधा ती फाईल वाचलीच जात नाही. कर्नल डॉट जेसन या कर्नलच्या सेटिंगच्या फाईलमधल्या एन्व्ह भागात व्हेरिएबल लिहा. नाहीतर पहिल्याच सेलमध्ये ठेवा, पण हगिंग फेसची कुठलीही लायब्ररी इम्पोर्ट करण्याआधी. इम्पोर्ट होतानाच पत्ता वाचला जातो, नंतर बदलून उपयोग नाही.

धागाकर्ता

आवृत्ती २ दिली, दोन्ही पायऱ्या नव्याने चालल्या. टोकन उलटवून 'र्यां' शोधलं. जे सापडले ते 'कार्यांसाठी'सारखे खरे रफार, 'शेतकर्यांना' एकदाही नाही. कर्नल डॉट जेसनमध्ये पत्ता लिहिल्यावर डाउनलोडही मोठ्या डिस्कवर जाऊ लागले. होममधलं हगिंग फेस हबच्या कॅशचं जुनं फोल्डर अख्खं काढलं आणि ३१ जीबी सुटले.

गेल्या आठवड्यात सरांना दाखवलेले निकाल जुन्याच डेटावरचे होते, हे त्यांना आज सांगितलं. मॉडेल आज रात्री पुन्हा ट्रेनिंगला लावतोय. दोघांचेही मनापासून आभार.