मागचे गिअर उतरताना अडकतात: दोष केबलचा, हँगरचा की चेनचा?

प्रश्न
नमस्कार. माझी माउंटन बाइक पुढे तीन आणि मागे आठ चकत्यांची आहे. यंदाच्या पावसाळ्यात मुळशीच्या बाजूच्या चिखलवाटांवर ती बरीच चालली आणि एका ओल्या वळणावर उजव्या अंगावर पडलीही. तेव्हापासून मागचे गिअर नीट पडत नाहीत. मोठ्या चकतीवरून लहान चकतीकडे येताना शिफ्टरचा खटका वाजतो, पण चेन दोन-तीन फेरे जागच्या जागी घासत राहते आणि मग एकदम उतरते. चढाच्या गिअरकडे जाताना फारशी अडचण येत नाही, फक्त सर्वांत मोठ्या चकतीजवळ खरखर ऐकू येते. एका दुकानात डिरेलरचे (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचे) दोन्ही लहान स्क्रू फिरवून दिले, तर सर्वांत लहान चकतीवर चेन जाणेच बंद झाले. तपासणी कुठून सुरू करावी?

पहिले उत्तर
त्या दोन स्क्रूंचा मधल्या गिअरांशी काहीही संबंध नसतो. डिरेलरने दोन्ही टोकांना किती लांब जायचे, एवढेच ते ठरवतात. म्हणून आधी केबल डिरेलरच्या बोल्टपाशी सोडवा आणि पेडल हाताने फिरवा. केबलचा ताण नसतानाही चेन सर्वांत लहान चकतीवर बसत नसेल, तर ‘एच’ खुणेचा स्क्रू पाव-पाव फेरा सैल करत जा. डिरेलरचे वरचे चाक त्या चकतीच्या बरोबर खाली आले की थांबा. ‘एल’ स्क्रूला मात्र जपून हात लावा, कारण तो जास्त सैल झाला तर चेन कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) आणि आऱ्यांच्या मध्ये जाऊन अडकते.

आता मूळ तक्रारीकडे येऊ. मोठ्या चकतीकडे जाताना आपल्या अंगठ्याचा जोर केबल ओढतो, तर लहान चकतीकडे येताना केबल परत खेचण्याचे काम डिरेलरच्या स्प्रिंगला एकट्याने करावे लागते. केबल सैल असती तर अडचण चढाच्या गिअरकडे जाताना आली असती. आपली अडचण उलट दिशेची आहे, त्यामुळे केबल एकतर गरजेपेक्षा ताणलेली आहे किंवा आउटरमध्ये (केबलच्या बाहेरच्या नळीत) अडकते आहे. ती पुन्हा जोडून केबलचा ताण कमी-जास्त करणारा बॅरल अ‍ॅडजस्टर अर्धा फेरा आत घ्या. दोन्ही दिशांना गिअर नीट पडू लागले, तर दोष ताणाचा होता. एक दिशा सुधारून दुसरी बिघडली, तर केबल अडकते आहे, आणि मग अ‍ॅडजस्टर कितीही फिरवला तरी उपयोग होत नाही.

पावसाळ्यानंतर माझा संशय नेहमी डिरेलरजवळच्या शेवटच्या वळशावर असतो, कारण तिथे पाणी आणि माती साचते. केबल आणि आउटर एकदमच बदलावे. दुकानदार कधी कधी ब्रेकचे आउटर कापून देतात, ते घेऊ नका. त्यातील तार गुंडाळलेली असल्याने ते ताणाखाली किंचित दबते. गिअरच्या आउटरमधील तारा लांबीच्या दिशेने असतात, म्हणून खटका नेमका चकतीवर पोहोचतो.

दुसरे उत्तर
वरील निदान पटते, परंतु सायकल उजव्या अंगावर पडली आहे, हे विसरू नये. ज्या हँगरला डिरेलर टांगलेला असतो, तो सहसा मऊ अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि फ्रेम वाचावी म्हणून मुद्दाम तसा केलेला असतो. तो वाकला की एका टोकाचे गिअर जुळवावेत, तर दुसऱ्या टोकाचे बिघडतात. सायकलच्या मागे बसून डिरेलरची दोन्ही चाके चकतीखाली एका सरळ रेषेत आहेत का, ते पाहा. त्याआधी मागचे चाक फ्रेममध्ये पूर्ण बसले आहे याची खात्री करा. ते तिरके बसले असेल, तर सगळा खटाटोप व्यर्थ जातो.

प्रश्नकर्ता
आउटर काढले तेव्हा त्यातून तपकिरी पाणी निघाले. नवी केबल आणि गिअरचे आउटर घातल्यावर लहान चकत्यांकडे चेन तत्काळ उतरू लागली, तरी मोठ्या चकतीजवळची खरखर राहिली. दुसऱ्या दुकानात मापाची दांडी लावून पाहिली, तेव्हा रिमच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या अंतरात 9 मिलिमीटरचा फरक निघाला. हँगर सरळ केल्यावर खरखर थांबली. आता एकच गोष्ट उरली आहे: चढावर जोर दिला की मधल्या एका चकतीवर चेन घसरते, गिअर बदललेला नसतानाही.

पहिले उत्तर
गिअर न बदलता चेन घसरत असेल, तर आधी झीज मोजावी. पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवून 24 कड्या मोजा. नव्या चेनमध्ये चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर येते. ती 1 इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असेल, तर चेन बदला. नवी चेन त्याच चकतीवर घसरली, तर तिचे दाते झिजले आहेत असे समजून कॅसेटही बदलावी लागेल.