बेंजामिन लिंकन : तलवार घेणारा जनरल

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला शरण येताना ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसने अमेरिकन सेनापती वॉशिंग्टनच्या हातात तलवार दिली, असं म्हटलं जातं. तसं नाही झालं. १९ ऑक्टोबर १७८१ ला कॉर्नवॉलिस आजारपण सांगून आलाच नाही, त्याने आपला दुय्यम अधिकारी ओ'हाराला पाठवलं, तो आधी अमेरिकनांच्या बाजूने लढणाऱ्या फ्रेंच सेनापतीकडे वळला, त्यांनी वॉशिंग्टनकडे बोट दाखवलं आणि वॉशिंग्टनने आपल्या दोन नंबरच्या माणसाकडे, बेंजामिन लिंकनकडे. मला हा क्षण फार आवडतो, कारण दीडच वर्षापूर्वी चार्ल्सटनला याच लिंकनला पाच हजारांवर माणसांसकट शरण जावं लागलं होतं आणि ब्रिटिशांनी त्याच्या सैन्याला मानाने झेंडे फडकवू न देता ते गुंडाळून बाहेर यायला लावलं होतं. यॉर्कटाउनला ब्रिटिशांचे झेंडे तसेच गुंडाळलेले!

मूळचा मॅसॅच्युसेट्सचा शेतकरी, साराटोगाच्या लढाईत घोट्यात गोळी लागली तेव्हापासून कायमचा लंगडत चालायचा. पुढे अमेरिकेचा युद्धमंत्री झाला, १७८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांचं शेजचं बंड मोडायला हिमवादळात रात्रभर सैन्य चालवत नेलं, पण बंड मोडल्यावर या लोकांचा मताधिकार काढू नका म्हणून तोच सांगत होता. हे मला त्याच्या लढायांपेक्षा मोठं वाटतं. नंतर राज्याचा लेफ्टनंट गव्हर्नर आणि बरीच वर्षं बॉस्टन बंदराचा जकात कलेक्टर.

आणि हो, हा कॉर्नवॉलिस म्हणजे आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आलेला तोच, १७९२ ला श्रीरंगपट्टणला मराठ्यांचे सेनापती हरिपंत फडक्यांसोबत टिपूविरुद्ध होता.