मदत हवी आहे: फोर्डचा 'मार्क्ड' मूकपट कुठे मिळेल?

खिडकीतला: शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावतोय. दिग्दर्शक जॉन फोर्ड आणि नट हॅरी कॅरीचा तो 'मार्क्ड' काहीतरी नावाचा मूकपट हवाय. लिंक द्या, घाई आहे.

जुना_प्रोजेक्टर: कुठला? 'अ मार्क्ड मॅन' १९१७चा, 'मार्क्ड मेन' १९१९चा. दोन्ही फोर्डचे, दोन्हींत कॅरी. साल सांगा.

खिडकीतला: अहो तोच, तीन दरोडेखोरांना वाळवंटात तान्हं बाळ सापडतं तो.

चाळकरी: गॉडफादरचे तिन्ही भाग एका रविवारी बघा. पहिला कडक!

पिठलंभाकरी: बाळवाला म्हणजे '३ गॉडफादर्स'. जॉन वेन. रंगीत आहे, सहज मिळेल.

जुना_प्रोजेक्टर: तो १९४८चा बोलपट. बाळवाला मूळ मूकपट म्हणजे 'मार्क्ड मेन', पण तो हरवलाय, एकही प्रिंट ठाऊक नाही. युनिव्हर्सल स्टुडिओनं उरलेसुरले मूकपट १९४८मध्येच नष्ट केले. आणि त्याच वर्षी फोर्डनं हीच गोष्ट पुन्हा काढून नुकत्याच गेलेल्या कॅरीला अर्पण केली! वर कॅरीचा मुलगाच त्यात एक दरोडेखोर.

रीळवाली: लगेच हरवला काय? फोर्डचाच 'स्ट्रेट शूटिंग' प्रागला सापडला, 'अपस्ट्रीम' न्यूझीलंडला. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाला मेल टाका.

जुना_प्रोजेक्टर: शनिवारच्या आत? पुण्यात २००३च्या आगीत आपलीच नायट्रेटची, म्हणजे पटकन पेटणाऱ्या जुन्या फिल्मची, रिळं जळाली, तिथे फोर्ड कुठून येणार!

पिठलंभाकरी: आजोबांच्या ट्रंकेत एक डबा आहे. झाकण काढलं की व्हिनेगरसारखा वास डोक्यात जातो. नायट्रेट असेल का? घरात ठेवावं का?

रीळवाली: व्हिनेगरचा वास म्हणजे बहुधा ॲसिटेट, ती सहज न पेटणारी फिल्म. नायट्रेट सडलं की आधी मधासारखं चिकट होतं, मग तपकिरी भुकटी. तरी तज्ज्ञाला दाखवा, गॅसजवळ ठेवू नका.

खिडकीतला: माझा धागा आहे हा!! ट्रंकेसाठी वेगळा काढा.

रीळवाली: बरं, मूकपटच का हवाय पण? 'हेल्स हिरोज' बघा, १९२९चा, विल्यम वायलरचा. गोष्ट हीच.

खिडकीतला: तो बोलतो ना? हॉलचा स्पीकर गणपतीपासून बंद आहे.

जुना_प्रोजेक्टर: हे आधी सांगायचं ना राव! मग 'स्ट्रेट शूटिंग'च लावा. १९१७चा, फोर्ड-कॅरीच, तासाभराचा. शोधताना 'जॅक फोर्ड' टाका, तेव्हा तेच नाव लावायचा. आणि पडद्यावरच्या संवादांच्या पाट्या मोठ्यानं वाचायला कुणाला तरी बसवा.

खिडकीतला: चालेल. बाळ आहे का त्यात? नोटिशीत बाळ लिहून बसलोय.